तापीकाठच्या मुलांसाठी निसर्गपट आणि खेळ: सुरतच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
नगर प्राथमिक शिक्षण समिती,
सुरत महानगरपालिका, यांस

निसर्ग शिकवणारा चित्रपट मराठी माणसाने कथापटाच्या आधी तयार केला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म उघडत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर कोंब माती फोडून वर येतो आणि वेल पाहता पाहता उंच होतो, असा हा 'अंकुराची वाढ' नावाचा छोटा चित्रपट होता. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवणे हा त्याचा हेतू असला, तरी त्यात वनस्पतिशास्त्राचा एक पूर्ण धडा आहे. तो टिपायला जंगल लागले नाही, परदेशी प्राणी लागला नाही. घरातली कुंडी, मोजून घेतलेली चित्रे आणि धीर एवढ्यावर काम झाले.

आज हेच काम साध्या मोबाइलवर होते. दर दहा मिनिटांना एक चित्र घेतले, तर दिवसाला १४४ आणि दहा दिवसांत १,४४० चित्रे जमतात. सेकंदाला २४ या वेगाने ती दाखवली, की बरोबर एक मिनिटाचा चित्रपट तयार होतो. समितीच्या मराठी शाळांतील मुलांसाठी, आणि विशेषतः सचिनसारख्या कारखान्यांच्या वस्तीत वाढणाऱ्या मुलांसाठी, असे छोटे निसर्गपट आणि त्यांना जोडलेले संगणकीय खेळ समितीने स्वतः तयार करून घ्यावेत, ही या पत्रातली मागणी आहे. तयार संच विकत घेऊन ती भागणार नाही. त्याची कारणे आणि कामाची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

सचिन हे सुरतच्या दक्षिणेला, मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावरचे स्थानक. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेला पेशव्यांशी झालेल्या करारातून १७९१ मध्ये इथला मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उभे राहिले. १९४८ मध्ये ते विलीन झाले. सचिनच्या नवाब घराण्याशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात, आणि त्यांची मुलगी झुबेदा ही 'आलम आरा'ची नायिका. चित्रपटाच्या इतिहासात असे नाव असलेल्या गावातल्या मुलांना स्वतःच्या परिसरावरचा एकही चित्रपट शाळेत पाहायला मिळू नये, ही मोठी उणीव आहे. आजचे सचिन जीआयडीसीचे, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीचे आहे: लूमची खाती, डाइंगच्या मिला, रसायनांचे कारखाने. २०२० मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा हा परिसर शहरात आला, आणि इथल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा भारही समितीकडे आला.

समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. देशातल्या फार थोड्या महानगरपालिका इतक्या भाषांचा भार उचलतात, आणि याबद्दल सुरतेला मान द्यायला हवा. मराठी शाळांत येणारी बहुतेक मुले जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुटुंबांतली आहेत. अनेक घरांत अहिराणी बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी असते, गल्लीत गुजराती आणि हिंदी. पाठ्यपुस्तके मात्र गांधीनगरच्या गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळाची, मराठीतून छापलेली असतात. त्यामुळे महाराष्ट्रात बालभारतीच्या पुस्तकांना धरून तयार झालेले साहित्य या मुलांच्या धड्यांशी जुळत नाही, आणि गुजरातेत तयार होणारे साहित्य मुख्यतः गुजरातीत असते. दोन राज्यांच्या मधल्या या फटीत सुरतचे मराठी मूल उभे आहे. दोन्हीकडच्या बाजारासाठी ते फार लहान गिऱ्हाईक ठरते, म्हणून हे काम सार्वजनिक संस्थेलाच करावे लागेल.

सार्वजनिक संस्थांनी ते पूर्वी केलेले आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतल्या २,४०० गावांत चालला. सकाळची वेळ शाळकरी मुलांची असे. त्याच काळात खेडा जिल्ह्यात, पीज येथील छोट्या प्रक्षेपण केंद्रावरून, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने गुजरातीतून स्थानिक कार्यक्रम सुरू केले. खेडा प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे, की विषय गावात जाऊन शोधले जात आणि गावातलीच माणसे कार्यक्रमांत दिसत. या प्रकल्पाला पुढे युनेस्कोचा ग्रामीण संपर्कमाध्यमांसाठीचा पुरस्कार मिळाला. सुरतेहून काही तासांवर घडलेला हा दाखला समितीच्या कामाला सर्वांत जवळचा आहे.

पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीने पाहिले. शिक्षक, कलावंत आणि तंत्रज्ञ एका छताखाली बसवून मराठी मुलांसाठी हजारो कार्यक्रम करणारी दुसरी संस्था मराठीत झाली नाही. २०१७ मध्ये ती बंद झाली. तिच्या उभारणीतून घ्यायचे ते हे, की शिक्षक आणि कॅमेरा चालवणारा एकत्र बसल्याशिवाय चांगला शैक्षणिक चित्रपट होत नाही. तिच्या अखेरीतून घ्यायचे ते पत्राच्या शेवटी येईल.

अरविंद गुप्ता यांचे काम खर्चाच्या शंकेला उत्तर देते. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ पासून दशकभर काम करत होते. काडेपेट्या, सायकलच्या ट्यूबा, रिकाम्या बाटल्या यांपासून खेळणी कशी करावीत हे दाखवणाऱ्या एक-दोन मिनिटांच्या अनेक चित्रफिती तिथे तयार झाल्या. चित्रीकरण एकदाच झाले, निवेदन मात्र मराठीसह अनेक भाषांत झाले, आणि सगळे कोणालाही विनामूल्य खुले राहिले. पडद्यावर बहुधा फक्त दोन हात आणि वस्तू दिसतात. बोलणाऱ्याचे ओठ दिसत नसल्यामुळे भाषा बदलणे सोपे जाते. सात माध्यमांच्या समितीसाठी ही युक्ती सोन्यासारखी आहे: सुगरण पक्ष्याचे एकच चित्रण मराठी, उडिया आणि तेलुगू वर्गांत आपापल्या आवाजात चालू शकते.

आता विषयांकडे. सुरतच्या मराठी मुलांसाठी सर्वांत मोठा विषय तापी आहे. ही नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहते, चांगदेवला पूर्णेला भेटते, प्रकाशे गावावरून पुढे येते, उकाईच्या धरणात अडते आणि सुरत ओलांडून डुमसजवळ खंभातच्या आखाताला मिळते. एकूण लांबी ७२४ किलोमीटर. उधन्याहून जळगावला जाणारा लोहमार्गही याच खोऱ्यातला, आणि सुट्टीत गावी जाणारी मुले त्याच गाडीने जातात. आजीच्या गावाजवळचे पाणी आणि सुरतच्या पुलाखालचे पाणी एकाच नदीचे आहे, हे कळले की या मुलांना आपल्या दोन्ही घरांचा भूगोल एका रेषेत दिसेल. उगम, संगम, धरण, शहर, खाडी अशा पाच-पाच मिनिटांच्या भागांत ही मालिका बसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडाला होता. धरण काय करते आणि कधी काय करू शकत नाही, हे सांगणारा भाग त्या पुराला टाळून होणार नाही.

दुसरा विषय सुगरण. सचिनभोवती उसाची आणि भाताची शेते, ताड, शिंदी आणि बाभळी अजून आहेत, आणि पावसाळ्यात त्यांवर सुगरणींची घरटी लोंबतात. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता अनेक खानदेशी घरांत तोंडपाठ असते. नावावरून विणणारी मादी वाटते, प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. पिवळ्या माथ्याचा नर पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून आणतो, डहाळीला गाठ मारतो, आधी कडे आणि मग टोपीसारखा अर्धा खोपा विणतो. त्या टप्प्यावर मादी येऊन पाहणी करते. तिला पटले तर पुढची वीण, बोगद्यासारखे दार आणि आतले अस्तर होते. नाही पटले तर अर्धे घरटे तसेच लटकत राहते. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून या पक्ष्याचा संसार निरखला आणि एक नर एकापाठोपाठ एक घरटी बांधून अनेक माद्यांशी जोडी जमवतो हे दाखवून दिले. ज्या मुलांचे आईवडील धाग्यावर काम करतात, त्यांना ताणलेला धागा, गाठ आणि वीण यांची समज घरातूनच आलेली असते. त्यांच्यासाठी हा चित्रपट नुसता पक्ष्याचा राहत नाही. त्यात मुलाने लूमवरच्या माणसाशेजारी बसून कापडाची वीण आणि घरट्याची वीण यांतला फरक विचारावा, असा एक प्रसंग जरूर असावा.

तिसरा विषय डुमसच्या चिखलातला. ओहोटीला तिथल्या राडीत निवटे दिसतात. गुजरातीत त्यांना लेवटा म्हणतात आणि सुरतेत ते आवडीने खाल्लेही जातात. हा मासा पाण्याबाहेर तासन्‌तास राहतो. ओली कातडी आणि तोंडाचे आतले आवरण यांतून तो हवेतला प्राणवायू घेतो, पुढच्या परांवर रेटत चालतो, पर उभारून हवेत उडी मारतो आणि धोका वाटला की बिळात शिरतो. डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत तो चिखलावरचे शेवाळ खरवडून खातो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भारतात सर्वांत मोठा असल्यामुळे चिखलाचा पट्टाही रुंद उघडा पडतो. माशाने पाण्यात राहायचे असते हा पहिल्या इयत्तेतला समज या एका प्राण्याने मोडतो, आणि तो पाहायला सचिनहून फार दूर जावे लागत नाही. याशिवाय तापीकाठची पाणमांजरे, हिवाळ्यात संध्याकाळी थव्यांनी आकाश व्यापणाऱ्या भोरड्या, आणि नवसारी जिल्ह्यातले वांसदा राष्ट्रीय उद्यान, एवढे विषय पुढच्या दोन वर्षांना पुरतील.

सचिनचा निसर्गपट नाल्याकडे पाठ फिरवू शकत नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगार मरण पावले. ती मुलांच्या शेजारची माणसे होती. लहान मुलांना त्या घटनेची दृश्ये दाखवण्याचे कारण नाही. पण पाचवीच्या पुढच्या मुलांना नाल्याचे पाणी कुठून येते, कुठे जाते, त्याला हात का लावू नये, फेस आणि वास दिसला तर कोणाला सांगावे, हे सांगणारा चित्रपट हवा. धबधबा आणि मोर एवढ्यालाच निसर्ग म्हणायला शिकलेले मूल स्वतःच्या गल्लीतले पाणी पाहणे सोडून देते.

चित्रीकरणाचे काही नियम आधीच ठरवावे लागतात. घरट्याजवळ जाऊन फांद्या बाजूला करायच्या नाहीत, पिल्लांना हात लावायचा नाही, प्राण्याला आमिष दाखवायचे नाही. १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस' या डिस्नेच्या गाजलेल्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात उड्या घेताना दाखवले होते. ते प्राणी दुसरीकडून आणून ढकलले होते, हे पुढे उघड झाले. तोवर जगभरच्या मुलांनी ती खोटी गोष्ट खरी म्हणून शिकून घेतली होती. म्हणून शाळेसाठीच्या चित्रपटात जे दिसते ते खरोखर तसेच घडलेले असावे, आणि एखादे दृश्य मुद्दाम जुळवलेले असेल तर निवेदनात तसे सांगावे. पार्श्वसंगीत कमी ठेवावे. घरट्यावरचा किलबिलाट मुलाला नीट ऐकू आला पाहिजे. सचिनमध्ये लूमचा आवाज सतत असतो, तेव्हा चित्रीकरण पहाटे किंवा कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी करावे लागेल.

निवेदनाबाबत रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम-शिक्षणाच्या संशोधनातला एक निष्कर्ष फार कामाचा आहे: चित्रासोबत बोललेले शब्द ऐकून शिकणे चांगले होते, आणि तेच शब्द पडद्यावर पुन्हा छापले तर लक्ष विभागते. आवाज शक्यतो खानदेशी वळणाचा, घरातल्यासारखा असावा. प्राण्याचे नाव आले की ते मराठी आणि गुजराती दोन्हींत उच्चारले जावे, कारण मुलाला गल्लीत ते गुजरातीतच ऐकू येणार आहे.

शैक्षणिक खेळांच्या बाबतीत बाजारातला मोठा दोष एकच आहे. गणिताचे किंवा विज्ञानाचे प्रश्न एका बाजूला असतात, आणि उत्तर बरोबर आले की बक्षीस म्हणून फुगे फुटतात. शिकणे आणि खेळणे यांचा एकमेकांशी संबंध नसतो, म्हणून मूल फुग्यांसाठी उत्तरे ठोकून देते. थॉमस मालोन यांनी १९८० च्या सुमारास संगणकीय खेळ मुलांना का आवडतात याचा अभ्यास केला, तेव्हा आव्हान, कल्पनाविश्व आणि कुतूहल ही तीन कारणे मांडली, आणि कल्पनाविश्व शिकण्याच्या गाभ्यातून आलेले असावे असा आग्रह धरला. सुगरणीचा खेळ या कसोटीवर असा रचता येईल: मूल नर होते, भात, गवत किंवा शिंदी यांतून पाते निवडते, गाठ मारते, वारा सुटतो आणि कोरड्या पात्याची गाठ सुटते. मादी येऊन अर्धा खोपा पाहते आणि कधी निघून जाते. काय चुकले हे मुलाने पुन्हा बांधून शोधायचे असते. निवट्याच्या खेळात भरतीचे घड्याळ असते. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात हे मुलाला पाठ करावे लागत नाही, बिळात वेळेवर परतण्यासाठी ते समजून घ्यावेच लागते.

असे खेळ तयार करायला महागडी साधने लागत नाहीत. लहान मुलांच्या शंभराहून अधिक खेळांचा 'जीकॉम्प्री' हा संच मुक्त स्रोतातला आहे, म्हणजे त्यात मराठी आवाज आणि स्थानिक चित्रे कोणालाही घालता येतात. नवा खेळ लिहिण्यासाठी 'गोडो' हे साधनही विनामूल्य आहे. इथे एक तांत्रिक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती मराठी वर्गात लगेच दिसते: अनेक खेळ-साधनांत देवनागरी जोडाक्षरे तुटून येतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते. गोडोमध्ये ही उणीव २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत दूर झाली. जे मूल नुकते वाचायला शिकते आहे त्याला तुटकी अक्षरे दाखवणारा खेळ शाळेत येऊच देऊ नये. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेला 'मुक्ता' हा स्पष्ट आणि विनामूल्य फॉन्ट अशा कामाला चांगला आहे.

अझीम प्रेमजी फाउंडेशनने २००० नंतरच्या दशकात अनेक भारतीय भाषांत शैक्षणिक खेळांच्या सीडी शाळांपर्यंत नेल्या, आणि नंतर संगणकाने शिक्षकाचे काम होत नाही हे तिथल्या धुरिणांनीच जाहीरपणे मांडले. तो अनुभव समितीने गाठीशी ठेवावा. प्रत्येक चित्रपटासोबत शिक्षकासाठी एक पान हवे: आधी काय विचारावे, कुठे थांबवावे, नंतर मुलांना अंगणात किंवा शेतावर काय पाहायला न्यावे. चित्रपट पाच मिनिटांचा आणि पाहणी अर्ध्या तासाची, हे प्रमाण योग्य ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून अधिक दाखवू नये असे सांगितले आहे. त्यामुळे अंगणवाडीच्या वयाला हे साहित्य देऊ नये, ते पहिलीपासून पुढेच वापरावे.

पोहोचवण्याची रीत सचिनच्या दिनक्रमावरून ठरवावी लागते. लूमवर बारा तासांची पाळी सर्रास असते, आणि घरात एकच फोन असेल तर तो वडिलांबरोबर खात्यात जातो. म्हणून मुख्य जागा शाळेतला पडदा हीच राहील. घरासाठीच्या फायली लहान असाव्यात. पाच मिनिटांचा चित्रपट सेकंदाला एक मेगाबिट या दराने सुमारे ३८ एमबीत बसतो आणि मेमरी कार्डावरून हातोहात देता येतो. खेळ इंटरनेटशिवाय चालावेत. त्यांत जाहिराती नसाव्यात, मुलाचे नाव किंवा फोन क्रमांक मागू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. माहिती गोळाच केली नाही, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

शेवटचा मुद्दा हक्कांचा आणि जतनाचा. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामावर ठेकेदाराचा हक्क राहू नये. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या आपल्या संकेतस्थळावर गोष्टी खुल्या परवान्याखाली ठेवल्या, त्यामुळे त्या मराठीसह कितीतरी भाषांत गेल्या. समितीनेही चित्रपट, खेळांचा कोड, मूळ चित्रण आणि आवाजाच्या वेगवेगळ्या फिती अशाच परवान्याखाली ठेवाव्यात. बालचित्रवाणीच्या काळचे काम टेपांवर होते, आणि आता त्या टेपा वाजवणारी यंत्रे मिळणेही कठीण झाले आहे. म्हणून निविदेतच तीन अटी असाव्यात: मूळ फायली समितीच्या ताब्यात, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या जागी, आणि दर पाच वर्षांनी त्या चालतात का याची तपासणी. पहिल्या वर्षासाठी सुगरण, निवटा आणि तापीचा उकाई ते डुमस हा भाग असे तीन चित्रपट आणि पहिल्या दोहोंवरचा एकेक खेळ पुरे. सुगरणीचे चित्रीकरण जून ते सप्टेंबर एवढ्याच काळात होऊ शकते, तेव्हा शिक्षक आणि कॅमेरा चालवणारे यांची जोडी त्याआधी, मे महिन्याच्या सुट्टीतच नेमावी.

सचिन, जि. सुरत